मशेरीच्या वेळेला फ्लोराइडचं जेल

दात दुखत नाही तोवर दाताच्या डॉक्टरकडे जायचं नाही, हा आपल्याकडे घरोघरी पाळला जाणारा नियम, आणि एरवी तो खपूनही जातो. पण ज्या माणसाच्या गालाला, जिभेला, जबड्याला नाहीतर घशाला कॅन्सरसाठी रेडिएशन दिलंय त्याच्या घरात हा नियम चालत नाही. परवा नात्यातल्या एका वहिनींचा फोन आला, मिस्टरांचे सगळे लाईट, म्हणजे रेडिएशन, संपले, डॉक्टर म्हणाले छान आहे, आता तीन महिन्यांनी दाखवायला या, खूप दिवसांनी त्या अशा मोकळ्या आवाजात बोलत होत्या आणि मलाही ऐकून बरं वाटलं. मी विचारलं, वहिनी, दातांचं काय सांगितलंय? तर म्हणाल्या, दातांचं काय, दात एकदम मस्त आहेत यांचे, काही दुखत वगैरे नाही. जेवढं सांगता आलं तेवढं तेव्हाच सांगितलं, पण फोनवर सगळं कुठे सांगून होतं, म्हणून लिहायला बसले.

मला यातलं जे काही कळतं ते आत्यामुळे. आत्या साताऱ्याकडची, आयुष्य शेतात गेलं, आणि कळायला लागल्यापासून मी तिला मशेरी लावतानाच बघत आलेय. तंबाखू तव्यावर काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजायची, हाताने चुरून डबीत भरायची, भाजताना घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरं बाहेर पळायचो. मग पायरीवर बसून पहिल्या बोटाने हिरडीवर घासत राहायची, सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, दुपारची कामं आटोपल्यावर, झोपताना. तिच्या बरोबरीच्या सगळ्याच बायका लावायच्या, त्याला व्यसन कुणी म्हणायचंच नाही, दात स्वच्छ होतात म्हणायचे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे पण घरच्या तव्यापर्यंत कुठली बंदी पोचणार. तर डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून, एक जखम झाली ती भरेचना, गावातल्या डॉक्टरांनी मुंबईला न्या म्हणून सांगितलं, आणि आत्या आमच्याकडे भांडुपला आली. तपासण्या आणि ऑपरेशन यातून जे जातात त्यांना ते माहीतच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

रेडिएशन सुरू व्हायच्या आधी आम्हाला दातांच्या विभागात पाठवलं आणि तिथे आत्या चिडली. म्हणाली, अगं, रोग गालाला आणि हे दात कशाला उपटायला निघालेत माझे? तिथली एक तरुण डॉक्टर होती, तिने स्टूल ओढून आत्याच्या समोर बसून नीट समजावलं. म्हणाली, मावशी, रेडिएशनचा शेक दिल्यावर जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कमी होतात, हाडाची भरून यायची ताकद जाते, खालच्या जबड्याची तर जास्तच, मग नंतर कधी दात काढावा लागला तर ती जागा भरत नाही, हाड उघडं पडतं आणि मरायला लागतं. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात, नाव लांबलचक आहे पण ज्यांना होतं त्यांचे हाल बघवत नाहीत, तोंडात पू, गालातून भोक, कधीकधी जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. आणि हा धोका वर्ष दोन वर्षांनी संपत नाही, तो जन्मभर राहतो. म्हणून जे दात वाचण्यातले नाहीत ते आधीच काढायचे आणि लाईट सुरू व्हायच्या आत निदान दोन आठवडे जखमेला मिळतील असं बघायचं. यात कॅन्सरचा इलाज लांबेल म्हणून घरच्यांचा जीव वर-खाली होतो, आमचाही झाला, पण तसंही रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालायचा मास्क बनवणं, स्कॅन, प्लॅनिंग यात दिवस जातातच, तेवढ्यात ते बसवता येतं. आत्याच्या मागच्या काही हलणाऱ्या दाढा काढल्या, बाकीचे चांगले होते ते ठेवले. पूर्वी म्हणे सरसकट सगळेच काढून टाकायचे, आता तसं करत नाहीत, पण जे ठेवलेत ते जन्मभर सांभाळायची तयारी लागते, आणि ती तयारी हॉस्पिटलमध्ये नाही, घरातच करावी लागते.

आता लाळेबद्दल. आपल्याला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. आपण काही गोड किंवा पिठाचं खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात, तोंडाचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त, साडेपाचच्या खाली गेला की दातावरचं कठीण आवरण, इनॅमल, विरघळायला लागतं. पण अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल धुऊन, मारून टाकते, वर स्वतःतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट देऊन झालेली झीज थोडी भरूनही काढते. दिवसभर हे चालू असतं. आणि लाळेच्या ग्रंथी रेडिएशनला फार हळव्या. कानाच्या पुढे जी मोठी ग्रंथी असते, पॅरोटिड, तिच्यातून जेवताना पातळ लाळ येते, ती पहिल्या आठवड्यातच कमी व्हायला लागते. ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप, आत्याला दोन-दोन ग्रे करून ६० ग्रे द्यायचे होते, म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. आधी लाळ घट्ट झाली, तार निघावी अशी चिकट, ती गिळताही येईना आणि थुंकताही येईना, आणि मग तोंड कोरडं पडलं ते पडलंच. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग यायची तिला. भाकरी तोंडात फिरायची पण घासच बनायचा नाही. आत्या भजनाला बसणारी बाई, आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांबरोबर एकदा बसली तर दोन ओळी म्हणून झाल्या की पाण्याची बाटली तोंडाला लावावी लागत होती.

रेडिएशनच्या हल्लीच्या आयएमआरटी पद्धतीत किरण असे वळवतात की निदान एका बाजूची पॅरोटिड वाचवता यावी. घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास २०११ मध्ये छापून आला, त्यात वर्षभरानंतर त्रास होण्याइतकं तोंड कोरडं असलेले लोक जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते ते आयएमआरटीत ३८ टक्क्यांवर आले. हा फरक मोठा आहे, डॉक्टरांना जरूर विचारावं की ग्रंथी वाचवता येईल का, गाठ कुठे आहे त्यावर ते ठरतं. पण ३८ म्हणजेही शंभरातले अडतीस लोक आहेत, त्यामुळे मशीन कुठलंही असो, दातांची काळजी सुटत नाही.

हे सगळं ऐकून माहीत असणं वेगळं आणि डोळ्याने बघणं वेगळं. ओपीडीच्या रांगेत जळगावकडचे एक काका भेटले, त्यांचं रेडिएशन दुसरीकडे कुठेतरी झालेलं, वर्ष उलटून गेलेलं, कॅन्सर परत आलेला नव्हता. त्यांनी ओठ खाली ओढून मला पुढचे दात दाखवले. प्रत्येक दाताला हिरडीलगत गोल कडं पडलेलं, तपकिरी-काळं, जिथे एरवी आपल्याला कीड लागत नाही अशा गुळगुळीत जागेवर, आणि दातांची टोकंही तशीच झिजून काळी पडलेली. एक दात त्या कड्यापासून मोडून गेलेला, नुसतं काळं बूड हिरडीत राहिलेलं. म्हणाले, ताई, वरणभात खाताना पाटीवरच्या पेन्सिलीसारखा कट्कन मोडला, रक्त नाही, कळ नाही, काही नाही. रेडिएशननंतरची कीड ही अशी असते. ती तीन महिन्यांतच सुरू होऊ शकते, भराभर पसरते, आणि बऱ्याचदा दुखतच नाही. काकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी काही चूक केलेली नव्हती, तंबाखू सोडलेली, औषधं वेळेवर घेतलेली, पथ्यपाणी सगळं सांभाळलेलं, आणि तरी आता त्यांचे दात काढणंही धोक्याचं आणि ठेवणंही. मला आजही वाटतं की लाईटच्या पहिल्या दिवशी मास्क घालायच्या आधी प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेऊन पाच मिनिटं हे सांगायलाच पाहिजे. भारतात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे, म्हणजे अशी घरं किती असतील.

आत्याचं तर दुहेरी होतं. वर्षानुवर्षं मशेरी घासून तिच्या हिरड्या मागे सरकलेल्या, दातांची मुळं उघडी पडलेली, आणि मुळावर इनॅमल नसतं, तो भाग इनॅमलपेक्षा कितीतरी आधी विरघळायला लागतो.

आता खाण्याचं बोलते, कारण खरी ओढाताण तिथे होते. रेडिएशन चालू असताना तोंड आतून सोलवटून निघतं, वजन उतरतं, आणि आहारतज्ज्ञ सांगतात दर दोन तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, आणि ते बरोबरच सांगतात. मग काय जातं? चहात बुडवलेलं बिस्कीट, शिरा, खीर, ग्लुकोजचं पाणी, गोड प्रोटीन पावडर. भेटायला येणारे आवळा कँडी आणतात. कुणीतरी सांगतं तोंड कोरडं पडतंय ना, गालात खडीसाखर धरा, लिंबाची फोड चोखा. खडीसाखर गालात धरून ठेवणं म्हणजे लाळ नसलेल्या तोंडात दाताला चिकटून तासन् तास साखर ठेवणं, आणि लिंबाचं आम्ल धुवायला तिथे लाळच नाही. माणसं मायेने आणतात, त्यांना काही बोलवतही नाही, पण मी कँडीचा डबा सरळ शेजारच्या पोरांना देऊन टाकायचे.

वजन की दात असं निवडायची वेळ येऊ द्यायची नाही, असं मला वाटतं. तोंड सोललेलं असताना वजनच पहिलं, त्यात वाद नाही. पण गोड जे काही द्यायचं ते जेवणाबरोबर एकदाच संपवून टाकायचं, तासभर घोट घोट चालू ठेवायचं नाही, आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरायची. आमच्याकडे रोज सकाळी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून बाटली भरलेली असायची, त्याने गुळण्या करायच्या, गिळायचं नाही, दुसऱ्या दिवशी नवीन करायचं. सोड्याने आम्ल मरतं, चिकट लाळही सुटते. बाजारातल्या झणझणीत माऊथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, ते या तोंडाला नको. बाकी तूप घालून मऊ भात, वरण, अंडं, कुस्करलेलं पनीर, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ भाजी, आमटीत चांगली भिजलेली भाकरी, याने पोटही भरतं आणि दातांनाही कमी त्रास. चहा हा मात्र आमच्याकडचा सगळ्यात कठीण विषय झाला. साखर बंद म्हटल्यावर आत्या दोन दिवस रुसली. शेवटी असं ठरलं की सकाळचा एक चहा साखरेचा, तोही नाश्त्याबरोबर आणि एका बैठकीत, बाकीचे बिनसाखरेचे. आणि पाण्याची बाटली कायम सोबत. मध्य रेल्वेच्या गर्दीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, परळच्या पुलावर, दर थोड्या वेळाने एक घोट. पाण्याने दात सुधारत नाहीत, पण तोंड ओलं राहतं. ज्यांना चावता येतं त्यांना साखर नसलेलं, झायलिटॉलचं च्युइंगम चालतं, ज्यांच्या ग्रंथीत थोडा जीव शिल्लक आहे त्यांना पिलोकार्पिनच्या गोळ्यांनी लाळ थोडी वाढते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, दमा वगैरे असेल तर त्या चालत नाहीत.

आणि फ्लोराइड. एवढं सगळं लिहिलं त्यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९७७ मध्येच दाखवून दिलं होतं की रेडिएशन झालेल्या पेशंटने रोज १ टक्का सोडियम फ्लोराइडचं जेल दातांना लावलं तर ही कीड रोखता येते. पन्नास वर्षं होत आली या गोष्टीला. महाग नाही, मशीन लागत नाही, ॲडमिट व्हावं लागत नाही, फक्त रोज करावं लागतं, आणि रोज म्हणजे जन्मभर रोज, बीपीच्या गोळीसारखं. आपल्याकडच्या साध्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड फार तर हजार पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, असतं, कायद्यानेच तेवढी मर्यादा आहे, आणि बऱ्याच आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतंच, तेव्हा ट्यूबच्या मागे वाचून घ्या. या पेशंटना त्याच्या कितीतरी पट लागतं, म्हणून डॉक्टर जेल किंवा पाच हजार पीपीएमची पेस्ट लिहून देतात. दंतमंजन, कोळसा, मीठ असलं काही या दातांवर घासायचं नाही.

ट्रेसाठी आत्याच्या दातांचं माप ऑपरेशननंतर तोंड कमी उघडत असताना घ्यावं लागलं, तिला त्रास झाला, पण त्या मापावरून तिच्या दातांवर घट्ट बसणारे मऊ प्लॅस्टिकचे दोन पारदर्शक ट्रे बनवून दिले. रात्री ब्रश करायचा, ट्रेमध्ये जेलची बारीक रेघ ओढायची, जास्त नाही, ट्रे दातांवर दाबून पाच मिनिटं बसायचं, जास्तीचं जेल थुंकून टाकायचं, गिळायचं नाही, आणि मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही, चूळही नाही. कोरड्या तोंडाच्या माणसाला तो अर्धा तास जड जातो. जेल न्यूट्रल असलेलं मागायचं, आम्लवालं सोललेल्या तोंडाला झोंबतं.

सुरुवातीला मीच ट्रे भरून द्यायचे, आत्या नको नको करायची. मग एक दिवस बघते तर संध्याकाळची भांडी झाल्यावर ती बाल्कनीत स्टुलावर बसून, मांडीवर छोटा आरसा ठेवून, स्वतःच ट्रे लावून बसलेली. म्हणाली, या वेळेला मी मशेरी लावायची बघ, हात आपोआप डबी शोधतो, तर म्हटलं हे लावावं. मला तेव्हा लक्षात आलं की मशेरी सुटली तरी ती बसायची वेळ, तो निवांतपणा, तोंडात काहीतरी करत राहण्याची सवय तिच्या अंगात तशीच होती आणि इतके दिवस ती रिकामी पडली होती. त्या जागी जेल जाऊन बसलं. डॉक्टरांनी सांगून, मी मागे लागून जे झालं नसतं ते याने झालं. ज्यांच्या घरात तंबाखू सुटलेला पेशंट आहे त्यांना मी हेच सांगते, तंबाखूची वेळ कुठली होती ते विचारा आणि ट्रे त्याच वेळेला हातात द्या.

तोंड उघडण्याचंही बघावं लागतं. रेडिएशनने जबड्याचे स्नायू आखडतात, हळूहळू दोन बोटंसुद्धा आत जाईनात अशी वेळ येते, मग मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही आणि डॉक्टरांनाही आत काही करता येत नाही. आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दातांत धरून रोज व्यायाम असतो, सोसेल तशी एकेक काडी वाढवायची. आत्यासाठी मी लहान मुलांचा ब्रश आणायचे, सगळ्यात मऊ, आणि तोही वापरायच्या आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे. ज्यांना ट्रे बसतच नाही त्यांनी जेल ब्रशवर घेऊन दातांना लावलं तरी चालतं, पण ट्रे बसत नाही म्हणून सोडून देऊ नका.

दर तीन महिन्यांनी दात दाखवायचे, दुखो न दुखो. तिथे वरून फ्लोराइडचं व्हार्निश, म्हणजे दातांवर चिकटून राहणारा लेपही लावतात. अशाच एका चेकअपला आत्याच्या खालच्या सुळ्याला हिरडीलगत फिकट डाग दिसला, तिला काहीही जाणवत नव्हतं, तिथल्या तिथे साफ करून सिमेंट भरलं, ग्लास आयनोमर म्हणतात ते, त्यातूनही थोडं थोडं फ्लोराइड सुटत राहतं. जीभ, टाळू पांढरी दिसायला लागली, आग व्हायला लागली तर ती बुरशी असू शकते, कोरड्या तोंडात ती पटकन धरते, तेव्हा तीन महिने थांबायचं नाही.

आत्या आता गावी असते. जेल आम्ही इथून पाठवतो. तिच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद कायम असतो, कुठल्या बाजूला रेडिएशन झालं, किती ग्रे, कधी संपलं, आणि खाली आमचा फोन नंबर. मागे तालुक्याला एका शिबिरात कुणीतरी तिला म्हणालं की ही दाढ किडलीय, लगेच काढून टाकू, फुकट आहे. तिने कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि हात मागे घेतला, मग मुंबईत आणून त्या दाढेचं रूट कॅनल केलं. दात काढण्यापेक्षा या लोकांमध्ये शक्यतो तेच करतात, आणि काढावाच लागला तर रेडिएशनची माहिती असलेल्या तोंडाच्या सर्जनकडूनच. असा कागद तुमच्याकडे नसेल तर डिस्चार्ज समरीवरून बनवून घ्या, त्यावर ग्रेचा आकडा असतो, नसला तर रेडिएशन विभागात मागा, देतात. मुंबईत खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आहे, फोर्टला सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आहे. कुठेही गेलात तरी केसपेपर काढतानाच रेडिएशन झालंय हे सांगा, खुर्चीत बसेपर्यंत थांबू नका.